शुक्रवारपर्यंत

नणंद तो शब्द जिन्यात बोलली. दोन मजले चढून तिला धाप लागली होती. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात फुगून टम्म झालेली कापडी पिशवी, आणि दोन पायऱ्या खाली तिची दोन नातवंडं कठड्यावरून घसरगुंडी करता येते का ते बघत होती. ‘‘सुट्टीभर राहू देत तुझ्याकडे,’’ ती म्हणाली. ‘‘सुनेची नोकरी, लेकाची फिरती. माझे गुडघे तर तुला ठाऊकच आहेत. तू काय, आता मोकळीच.’’ असं म्हणून तिने पिशवी पुढे केली. बोलण्यात खोट नव्हती, टोमणा नव्हता. पावसाने उघडीप दिली असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली होती. पण दारात ओलं फडकं घेऊन उभ्या असलेल्या हिला तो शब्द नखात काटा जावा तसा गेला. मोकळी. मोकळी खोली, मोकळी बाटली, मोकळी गाडी. मोकळी आहे का, असं विचारून ज्यात कोणीही चढून बसावं अशी. आतल्या खोलीत पलंगावरची गादी अजून गुंडाळलेलीच होती. औषधांच्या बाटल्या ठेवून ठेवून खिडकीच्या लाकडावर उमटलेली गोल वर्तुळं तिने आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, पुसायला घेतली होती, आणि ती निघत नव्हती. ‘‘नाही जमायचं,’’ ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला शेजारणीच्या घरातून आल्यासारखा वाटला. ‘‘मी नाहीये सुट्टीत.’’

‘‘नाहीयेस म्हणजे? कुठे चाललीस?’’

त्या क्षणापर्यंत ती कुठेही चालली नव्हती. ‘‘जंगलात,’’ ती म्हणाली.

‘‘जंगलात? वनवासाला?’’ नणंद खो खो हसली. मग हिचा चेहरा बघून हसू ओठांवरच आवरलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पोरांना म्हणाली, ‘‘चला रे. मामीआजी जंगलात चाललीय.’’

खालचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा ती पुन्हा खिडकीपाशी येऊन वर्तुळं घासू लागली होती. जंगलच का तोंडातून निघालं? अभयारण्याचा एक फलक रोज हॉस्पिटलला जाताना चौकात दिसायचा, पण तो फलक बघून कधी जावंसं वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, ते टीव्हीमुळे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून नऊ वर्षं त्या खोलीत टीव्ही चालू असायचा, आणि त्यावर प्राणी असायचे. माणसांचे कार्यक्रम त्यांना सोसत नसत. माणसं खोटं रडतात, म्हणायच्या. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं झालेलं, पण डोळे आणि जीभ दोन्ही शाबूत. हरणाच्या मागे चित्ता लागला की त्या डाव्या हाताने गादीवर थापा मारत. आणि ही कायम दारातून आत किंवा आतून बाहेर. हातात भांडं, नाहीतर पातळ खिमटीची वाटी, नाहीतर बदललेली चादर. नऊ वर्षांत तिने शेकडो हरणं धावताना पाहिली आणि त्यातलं एकही निसटलं की सापडलं ते तिला कळलं नाही. मगरीचा जबडा उघडायचा आणि कुकरची शिट्टी व्हायची. हत्तींचा कळप नदीच्या काठाशी यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, ‘‘पाठीखाली ओलं झालंय गं.’’ तेवढंच. त्याचं तिला तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं. वाईट वाटायला निदान क्षणभर खाली टेकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजेचा अर्ज दिला. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात ती एकतीस वर्षं काम करत होती. तळघरातला तो थंड, खिडकी नसलेला हॉल, शिशाचं दार, आणि काचेपलीकडे उभं राहून दिवसातून साठ वेळा म्हणायची तीच वाक्यं: हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा, सोडा. विभागप्रमुख डॉक्टरबाई हिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिने अर्ज वाचला, उलटून मागचं कोरं पानही बघितलं.

‘‘नऊ दिवस? घरी काही आहे का?’’

‘‘घरी काही नाही. हिंडायला जातेय.’’

‘‘कोणाबरोबर?’’

‘‘एकटीच.’’

डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. सासूबाईंच्या आजारपणात हिने घेतलेल्या रजा तिने कधी नाकारल्या नव्हत्या. अर्धा दिवस, एक दिवस, ताप, जखमा, सलाईन. त्या रजांना कारण होतं. ‘हिंडायला’ हे कारण त्या छापील कागदावरच्या एवढ्याशा चौकोनात बसत नव्हतं. हिने ते बसवलं होतं, जरा ठसठशीत अक्षरात. डॉक्टरने सही केली आणि म्हणाली, ‘‘मजा करा हं, ताई,’’ आणि म्हणता म्हणता तिचा स्वर असा झाला, जणू आजाऱ्यालाच धीर देतेय.

नवरा जमीनमोजणीच्या खात्यात होता. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी अचूक दाखवणारा माणूस, पण घरात कुठली गोष्ट कोणाच्या वाट्याची हे त्याला कधी दिसलं नाही. वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, हात तर नाहीच नाही. काही पेच आला की तो म्हणायचा, ‘‘तुला काय योग्य वाटतं ते कर,’’ आणि योग्य काय ते आधीच ठरलेलं असायचं. तिने सांगितलं तेव्हा तो नखं कापत होता. ‘‘आईला जाऊन चार महिने नाही झाले,’’ तो म्हणाला. चार नखं कापून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘मी येऊ का?’’ आणि वर बघितलं. ती हो म्हणते की काय अशी भीती त्याच्या डोळ्यांत इतकी स्वच्छ दिसत होती की तिला त्याची दयाच आली. ‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘डाळ करून ठेवते दोन दिवसांची. पुढचं तुम्ही बघा.’’ ‘‘पुढचं म्हणजे?’’ त्याने विचारलं. ते त्याने खरोखरच विचारलं होतं.

अकरा तासांचा बसचा प्रवास. अर्ध्या वाटेनंतर गावं संपली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळलेलं, पिवळं पडलेलं गवत, आणि खिडकीतून भट्टीच्या तोंडासमोर उभं राहिल्यासारखी हवा. ऐन उन्हाळ्यात जंगलात कोण जातं, असं शेजारीण म्हणाली होती. अभयारण्याच्या कचेरीतल्या वनरक्षक बाईने पहिल्या संध्याकाळी उलट सांगितलं. यायचं तर आत्ताच. ओढे आटतात, पानं झडतात, लपायला जागा राहत नाही. पाणी एकाच तळ्यात उरतं आणि झाडून सगळ्यांना तिथे यावं लागतं. ही बाई चाळिशीची, काटकुळी, उन्हाने रापलेली, आणि शब्द मोजून वापरणारी. ‘‘उद्या काय दिसेल?’’ असं कोणी विचारलं की म्हणायची, ‘‘जे असेल ते.’’

हिला सहा नंबरची खोली मिळाली. कौलारू, एकच खिडकी, एकच पलंग, एकच खुर्ची. तिथे सगळे तिला ‘सहा नंबर’ म्हणत. सहा नंबर, चहा झालाय. सहा नंबर, जीप निघतेय. वहिनी नाही, मामी नाही, काकू नाही, ताईही नाही. पहिल्या सकाळी खुर्ची ओसरीवर ओढून ती चहाचा कप घेऊन बसली आणि कप रिकामा होईपर्यंत कोणीच हाक मारली नाही. तिने आणखी एक मागवला, तोही संपवला. समोरच्या झाडावर एक माकडीण पिल्लाच्या डोक्यातल्या उवा काढत होती, दुसरी तिच्या पाठीतल्या, तिसरी दुसरीच्या. ही बघत राहिली. पाऊण तास. मग त्यांतली एक उठून गेली, का कोणास ठाऊक, आणि सगळी माळ विस्कटली. तिला एकदम इतका आनंद झाला की तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत तर नाही ना.

पुढचे दिवस असेच. सकाळी पाचला उघडी जीप, मानेवर थंडगार धूळ, साडेनवाला परत, दुपारी उकाड्यात पंख्याखाली पडून राहायचं, चारला पुन्हा जीप. हरणं शेकड्यांनी, इतकी की तिसऱ्या दिवशी लोकांनी त्यांच्याकडे बघणं सोडलं. तिने नाही सोडलं. चिखलात रुतून बसलेले रानरेडे, नाकपुड्या तेवढ्या वर. काठावर ओंडक्यासारखी पडलेली मगर आणि तिच्यापासून हातभर अंतरावर निवांत चोच घासणारा बगळा. रानडुकरीण आणि तिच्या मागे शेपट्या ताठ करून पळणारी सात पिल्लं. ती मोजताना ती दोनदा चुकली आणि वनरक्षक बाई पहिल्यांदाच हसली. जीपमध्ये बरोबर एक जोडपं असायचं. नवऱ्याजवळ दुधीभोपळ्याएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा. तो बिबट्यासाठी आला होता आणि बाकीचे प्राणी आपला वेळ खातायत असं त्याला वाटायचं. बायको गोरी, गप्प, मांडीवर त्याच्या पिशव्या धरून बसायची. ही मात्र खात होती, झोपत होती, उन्हाने नाकावरची साल निघत होती. आरशात बघितलं तर एक लाल नाकाची, पिंजारलेल्या केसांची बाई, ओळख करून घ्यावी अशी.

पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, जीप परतली तेव्हा कचेरीतला कारकून पायरीवर उभा होता. ‘‘सहा नंबर, घरून फोन. तिसऱ्यांदा आलाय.’’

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. टेबलावरचा जुना काळा फोन तिने कानाला लावला. पलीकडे नवरा. घसा खाकरायला त्याला वेळ लागला.

‘‘धाकट्याला ॲडमिट केलंय. तुझ्याच हॉस्पिटलात. पित्ताशयात खडे, एक अडकलाय. उद्या ऑपरेशन.’’

धाकटा म्हणजे दीर. बाजारातल्या छोट्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा. हसरा, तिच्यावर माया असलेला. तिने घाईने विचारलं, ‘‘दुखतंय का फार? कोण करतंय ऑपरेशन?’’ नवऱ्याने नाव सांगितलं. चांगला सर्जन होता. तिने त्याच्यासाठी हजार फोटो काढले होते. ‘‘मग काळजी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हात चांगला आहे त्याचा.’’

‘‘ते आहेच. पण बसायला कोणीतरी हवं ना. आठ दिवस तरी.’’

‘‘जाऊबाई?’’

‘‘ती आहे, पण तिला रक्त बघवत नाही. शिवाय दुकान, मुलं.’’

‘‘वन्सं?’’

‘‘तिचे गुडघे.’’

‘‘आणि तुम्ही?’’

फोनमध्ये खरखर. मग नवरा, मनापासून गोंधळलेला: ‘‘मी? मला काय समजतं त्यातलं?’’

‘‘बसण्यातलं काय समजायचं असतं?’’

‘‘तुझी ओळखीची माणसं आहेत तिथे. तू असलीस की सगळ्यांना बरं वाटतं. दुपारची एक बस आहे म्हणे तिथून. मी चौकशी केलीय.’’

बसची चौकशी त्याने केली होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्याने केलेली ही पहिली चौकशी असावी. कारकून रजिस्टरात काहीतरी लिहिण्याचं सोंग करत होता. ‘‘मी शुक्रवारी येणार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ठरल्याप्रमाणे.’’

‘‘अगं, पण…’’ आणि मग तो ते बोलला, बोलणारच होता. ‘‘आई असती तर…’’

‘‘आई असत्या तर मी इथे नसतेच. शुक्रवारपर्यंत तुम्ही बसा.’’ तिने फोन खाली ठेवला. मग ती कारकुनाला म्हणाली, ‘‘परत आला तर सांगा, सहा नंबर जंगलात गेलीय.’’

पण खोलीत गेल्यावर तिने बॅग भरली. नीट घड्या घालून, रोजच्या सवयीने, सगळ्यांत खाली चपला. भरून झाल्यावर पलंगाच्या कडेवर बसली. पंखा तीनदा फिरला की एकदा कुरकुरायचा. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. धाकट्याचं पोट तिला दिसत होतं, जसं एक्स-रेची फिल्म भिंतीवरच्या उजेडात धरली की दिसतं: बरगड्या, करड्या ढगांसारखं यकृत आणि त्याच्या कडेला वाटाण्याएवढे पांढरे ठिपके. आणि तसंच एक दुसरं पोट, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईचं. सहा वर्षांपूर्वी भावाचा फोन आला होता, आईचं पोट फुगलंय, तुझं नाव घेतेय. त्याच आठवड्यात सासूबाईंना ताप भरला होता, पाठीवरची जखम चिघळली होती. नवरा म्हणाला होता, दोन दिवस थांब, ताप उतरू दे, मग जा. नाही म्हणाला नव्हता. ती दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी पहाटे निघाली तेव्हा बसायला जागा मिळाली म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं होतं, आणि ती पोहोचली तेव्हा घरात माणसं पायताणं बाहेर काढून भिंतीला टेकून बसली होती. भावाने सरकून तिला जागा करून दिली. तेच जास्त लागलं. परत आली तेव्हा ताप उतरलेला होता. पुढे वर्षभराने, एका दुपारी ती सासूबाईंचे केस विंचरत असताना त्या एकदम म्हणाल्या, वाकड्या तोंडातून, पण अगदी स्पष्ट, ‘‘तेव्हा तू जायला हवं होतंस.’’

तिचा हात थांबला. ‘‘तेव्हा सांगायचं होतंत.’’

‘‘सांगितलं असतं तर गेली असतीस,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘म्हणून नाही सांगितलं.’’

त्या दिवशी तिने केस विंचरले, वेणी घातली, टोकाला दोरा बांधला. राग आला नव्हता. उलट त्या घरात इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच तिच्याशी खरं बोललं होतं. म्हातारी तिला आवडायचीसुद्धा, हे कोणाला सांगून पटलं नसतं. जाताना शेवटी हिचाच अंगठा मुठीत धरून गेली, पोटच्या लेकांचा नाही. पण आत्ता, या पांढऱ्या दुपारी, त्या वाक्याचा दुसरा अर्थ तिला उमगला. न सांगता थांबवता येतं, आणि सांगूनही थांबवता येतं. जायचं की नाही ते आपल्यालाच ठरवायचं असतं. आता न जाणं हा सूड म्हणाल तर नव्हता. सूड असता तर सोपं गेलं असतं, एक प्रकारची ऊब असते त्यात. हे कोरडं होतं. धाकटा बरा होईल. न झाला तर ती जन्मभर स्वतःला खाईल, हेही तिला माहीत होतं, आणि तरीही. तिने बॅग उघडली. चपला काढून पलंगाखाली ठेवल्या. साडेतीनला तोंड धुतलं आणि जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

तळ्याच्या कडेने जीप गेली तेव्हा वनरक्षक बाईने हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आधी काहीच दिसलं नाही, नुसत्या फांद्या मोडण्याचा आवाज. मग झाडीतून एक हत्तीण बाहेर आली, कान फाटलेली, कपाळावर खड्डे पडलेली, म्हातारी. ती थांबली, सोंड वर करून हवा हुंगली. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी, मग एकदम सगळीच. चौदा. या वेळी ती मोजताना चुकली नाही. एवढी धुडं, पण पावलांचा आवाज नाही, धूळ तेवढी गुडघ्यापर्यंत उठत होती. सगळ्यांत छोटं पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होतं आणि स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन अडखळत होतं. कळप पाण्यात शिरला. जीपच्या पत्र्यातून, बसल्या जागेतून, तिला एक घुमारा जाणवला. तो कानाला ऐकू येण्याआधी छातीत येत होता. ‘‘बोलतायत,’’ वनरक्षक बाई पुटपुटली.

‘‘सगळ्यांच्या पाठीच येतायत,’’ कॅमेरेवाला म्हणाला. ‘‘ए, जरा पुढे घे. त्या वाटेवर, कडेला. समोरून मिळेल मग.’’

ज्या वाटेने कळप आला होता आणि ज्या वाटेने परत जाणार होता, तीच ती वाट. ‘‘तिथे नाही थांबायचं, साहेब,’’ वनरक्षक बाई म्हणाली.

‘‘अहो, दोन मिनिटं. रोज तुम्ही नाहीच म्हणता. पाच दिवस बिबट्या नाही, निदान हे तरी नीट मिळू दे. तुमच्या साहेबांना ओळखतो मी. चल रे, घे तू.’’ ड्रायव्हरने वनरक्षक बाईकडे बघितलं, मग कॅमेरेवाल्याकडे. साहेबांना ओळखतो हे वाक्य त्याने यापूर्वीही ऐकलेलं असणार. त्याचा हात किल्लीकडे गेला.

‘‘गाडी हलवायची नाही,’’ ती म्हणाली.

कॅमेरेवाल्याने वळून बघितलं. पाच दिवसांत तिचा आवाज त्याने जवळजवळ ऐकलाच नव्हता. ‘‘तुम्ही घाबरू नका हो, काकू. काही होत नाही.’’

‘‘घाबरत नाहीये. काकूही नाहीये मी तुमची. मला इथून सगळं दिसतंय, आणि बाई नाही म्हणाल्यात. गाडी हलली तर कचेरीत पहिली तक्रार मी करणार, ड्रायव्हरची नाही, तुमची. बसा खाली.’’

हे सगळं ती दबक्या आवाजात बोलली, एक्स-रेच्या टेबलावर हलणाऱ्या माणसाला दटावते तशी, आणि तो बसला. काय झालं ते बहुधा त्याचं त्यालाही कळलं नाही. किल्लीवरचा हात मागे आला. त्याच वेळी, बोलण्याच्या आवाजाने असेल किंवा वारा फिरला म्हणून असेल, फाटक्या कानाची हत्तीण पाण्यातून बाहेर आली आणि जीपसमोर, वीस पावलांवर, येऊन उभी राहिली. कान पसरले. एवढे मोठे की मागचं तळं दिसेना. ‘‘हलू नका,’’ वनरक्षक बाई ओठ न हलवता म्हणाली. कोणी हललं नाही. हत्तिणीच्या पापण्या लांब होत्या, त्यांवर चिखलाचे थेंब वाळले होते. तिचा वास आला, गवताचा, शेणाचा, उन्हात तापलेल्या पाण्याचा. हिने सीटची कड घट्ट धरली, आणि त्या भीतीच्या बरोबर मध्यावर तिला लख्ख कळलं की आत्ता, या घडीला, जगात दुसऱ्या कुठल्याही जागी असायची तिची इच्छा नाही. दुसऱ्या कोणाच्याही उशाशी नाही.

हत्तीण किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने सोंडेने धूळ उचलली, स्वतःच्या पाठीवर उडवली, आणि पाठ फिरवून पाण्याकडे गेली. कळप आणखी दीड तास तिथे होता. पिल्लू चिखलात बसकण मारून उठेना, तेव्हा दोघींनी मिळून त्याला मागून ढकललं. मोठ्या झालेल्या एका हत्तीला त्याच्या बहिणींनी हाकलून दूर लावलं. तो एकटाच पलीकडे जाऊन रुसल्यासारखा पाणी उडवत बसला. ऊन तिरपं झालं, पाणी तांबूस झालं, आणि मग म्हातारी निघाली आणि तिच्या मागे एकेक करून सगळे, त्याच वाटेने, जिथे जीप उभी राहणार होती. शेवटचा कान झाडीत दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती. सगळं बघितलं तिने. येण्यापासून जाण्यापर्यंत. परतताना अंधारू लागलं होतं. कॅमेरेवाल्याची बायको तिच्या कानाशी झुकली आणि म्हणाली, ‘‘बरं बोललात. मला नाही जमत.’’ ही म्हणाली, ‘‘मलाही आजच जमलं.’’

मंगळवारी संध्याकाळी तिने स्वतःच फोन केला. ऑपरेशन झालं होतं. खडा निघाला होता, जरा जास्त चिरावं लागलं होतं, ताप होता. ‘‘मी बसलोय,’’ नवरा म्हणाला, आणि ते तो अशा आवाजात म्हणाला, जणू त्याला कोणीतरी झाडावर चढवून शिडी काढून घेतलीय. वन्सं तिच्याशी यापुढे बोलणार नाहीत, असंही त्याने सांगितलं. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, ताप हा शब्द उशीखाली टोचत राहिला. पण बुधवारी पहाटे ती जीपमध्ये होती. बुधवारी ताप उतरल्याचं कळलं आणि ती कचेरीच्या पायरीवर बसून थोडी रडली, कारकुनाने रजिस्टरात तोंड घातलं. गुरुवारी अस्वल दिसलं, वारुळात नाक खुपसून फुंकर घालणारं. त्याच्या मागच्या भागाकडे बघून ती आणि वनरक्षक बाई इतक्या हसल्या की अस्वल वैतागून निघून गेलं. बिबट्या कोणालाच दिसला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला बस शहरात शिरली. घरी न जाता ती बॅग घेऊन थेट हॉस्पिटलला गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून वॉर्डातल्या नर्सपर्यंत सगळे तिला ओळखत होते, आणि बोलावूनही ती आली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं हसू अर्धा क्षण उशिरा यायचं, त्यात ते कळत होतं. तिने मान खाली घातली नाही. दीर उशीला टेकून बसला होता, गालफडं आत गेलेली, पण डोळे तेच. शेजारी खुर्चीत नवरा झोपला होता, मान कलंडलेली, चार दिवसांची दाढी, शर्टवर काहीतरी सांडल्याचा डाग.

‘‘वहिनी,’’ दीर हळूच म्हणाला, ‘‘नाक काय लाल झालंय तुमचं. काय काय बघितलंत?’’

तिने पलंगाच्या कडेवर बसून सांगितलं. हत्ती, पिल्लू, डुकरीण, अस्वल. हसला की टाके ओढायचे म्हणून तो पोटावर हात दाबून हसत होता. ‘‘दादाने सगळं केलं हो,’’ तो मध्येच म्हणाला. ‘‘अगदी भांडंसुद्धा. पहिल्यांदा ओकारी आली त्याला. मग जमलं.’’ तिने झोपलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

आवाजाने तो जागा झाला. ‘‘आलीस?’’ त्याच्या चेहऱ्यावर एवढी सुटका पसरली की तो दहा वर्षांनी लहान दिसला. लगबगीने उठून त्याने गळ्यातलं कार्ड काढलं, आजाऱ्याजवळ राहणाऱ्या एका माणसाला मिळतं ते, निळं, दोरी घामाने मळलेली. ‘‘हे घे. गोळ्या नऊ वाजता. मी आता घरी जाऊन जरा पाठ टेकतो.’’

तिने कार्डाकडे बघितलं. त्यावर त्याचं नाव लिहिलेलं होतं, कोणाच्या तरी घाईच्या अक्षरात.

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘चांगलं करताय तुम्ही. मी उद्या येईन भेटायला.’’ दिराच्या कपाळावरून हात फिरवला, बॅग उचलली. कार्ड नवऱ्याच्या पुढे केलेल्या हातात तसंच लोंबकळत राहिलं. पण दाराशी पोहोचेपर्यंत तिला खुर्चीचा करकर आवाज ऐकू आला. तो पुन्हा बसला होता.

खाली रस्त्यावर दिवे लागले होते. अकरा तासांच्या प्रवासाने तिचे पाय टम्म सुजले होते आणि भूक सपाटून लागली होती. हॉस्पिटलसमोरच्या खानावळीत एक टेबल रिकामं होतं, दोन खुर्च्यांचं. तिने गरम जेवण मागवलं, वर चहाही आत्ताच आण म्हणाली. आजूबाजूला आजाऱ्यांची माणसं होती, डबे आणि पिशव्या घेतलेली, घाईघाईने गिळणारी. ती सावकाश जेवली. शेजारच्या टेबलावर पाच जण दाटीवाटीने बसले होते. त्यांतला एक उठून तिच्याजवळ आला, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘कोणी येणार आहे का इथे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग घेऊ ही?’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘मला पाय ठेवायचेत.’’

माणूस बघत राहिला. तिने चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून, धूळभरल्या टाचांसकट, समोरच्या खुर्चीवर ठेवले. मग चहाचा कप जवळ ओढला.